एमजीबीचा दुसरा गिअर खरखरतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी बर्मिंगहॅमला असतो. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसी, चारही गिअरना सिंक्रो (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) असलेला गिअरबॉक्स. गाडी गार असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना खर्रकन आवाज होतो आणि दांड्याचा धक्का तळहाताला जाणवतो. पाचसहा मैल गेल्यावर जरा निवळतं.

दुसरं लक्षण मला जास्त खटकतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. पण इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबलो तरी रिव्हर्स ओरडतोच. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही, इंजिन बॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही, असा माझा तर्क. क्लच पेडलला मास्टर सिलिंडरशी (पेडल दाबलं की नळीत द्रव ढकलणारा भाग) जोडणारी पिन काढून पाहिली, तर ती एका बाजूने चांगलीच झिजली आहे, भोकही लांबट झालंय. नवी पिन मागवली आहे.

गॅरेजवाला म्हणतो, थेट बॉक्स उघडू. या गाडीत त्यासाठी इंजिन आणि बॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, म्हणून माझा जीव धजावत नाही. वडिलांसोबत घेतलेली गाडी आहे ही.

बॉक्समध्ये तेल २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच आहे. पितळी सिंक्रो रिंगा खराब होतील या भीतीने जीएल-५ प्रकारचं गिअर ऑइल कधी घातलं नाही.

पिन बदलून ब्लीड केल्यावर (नळीतली हवा काढल्यावर) स्लेव्ह सिलिंडरचा (क्लचच्या बाजूचा, त्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा) रॉड किती सरकायला हवा? दोन्ही सिलिंडरांमधली रबरी होज फुगत असेल तर कसं ओळखायचं? आणि दुसऱ्या गिअरची रिंगच गेली असेल, तर ते बॉक्स न उघडता कळेल का? कुणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.