प्लॅटफॉर्मनं मजकूर काढला, तर त्याला सेन्सॉरशिप म्हणायचं का?

(टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

इतवारीकर

समजा, नागपुरातल्या तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीतल्या बडग्याचा व्हिडिओ कोणी यूट्यूबवर टाकला. (मारबत आणि बडग्या म्हणजे वाईट गोष्टींचं प्रतीक म्हणून मिरवून जाळले जाणारे पुतळे.) पुतळ्याच्या गळ्यात एका मंत्र्याच्या नावाची पाटी, मागे 'घेऊन जा गे मारबत'चा गजर, शेवटी दहन. संध्याकाळी व्हिडिओ गायब, कारण दिलंय 'हिंसक मजकूर'. अशा वेळी पहिला शब्द तोंडी येतो तो सेन्सॉरशिप. माझ्या मते तो इथे लागू नाही, आणि तो असा सरसकट वापरला की खरी सेन्सॉरशिप गर्दीत लपून जाते.

सेन्सॉरशिप सरकारच करू शकतं, कारण तुरुंग आणि जप्ती त्याच्याच हातात असते. केसरीतल्या लेखांसाठी 1908 मध्ये टिळकांना 6 वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला धाडलं. 1910 च्या प्रेस कायद्यानं नव्या छापखान्याकडून 500 ते 2000 रुपये जामीन घेता यायचा आणि मजकूर खटकला की तो जामीन जप्त व्हायचा. याच केसरीनं 1920 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. तो नकार लाजिरवाणाच होता. पण 31 जानेवारी 1920 ला मूकनायकचा पहिला अंक निघाला, तो काही केसरीला थांबवता आला नाही.

घटनेचं कलम 19(1)(अ), म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, नागरिकाला सरकारपासून संरक्षण देतं. कंपनीला तिच्या सर्व्हरवर काय ठेवायचं हे ठरवता आलं नाही, तर उद्या वर्तमानपत्रालाही 'अमुक पत्र छापाच' असं सांगता येईल.

धंतोलीकर

भाऊ, मूकनायकचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. केसरीनं दार लावलं तरी दुसरा छापखाना होता, आणि शाहू महाराजांचे 2500 रुपये पाठीशी होते. आज यूट्यूबनं काढलेला व्हिडिओ स्वतःच्या वेबसाइटवर टाकता येतो, मान्य. पण तो लोकांना सापडायचा गूगल सर्चवर, आणि वेबसाइटचं ॲप काढलं तर ते मिळायचं प्ले स्टोअरवर. तिन्हींचा मालक एकच.

आणि शिक्षा फक्त सरकार करतं, हे कुठून आणलं? यूट्यूबचे नियम बघा. पहिल्या उल्लंघनाला ताकीद. मग पहिला स्ट्राइक, 1 आठवडा काही टाकता येत नाही. दुसरा स्ट्राइक, 2 आठवडे. 90 दिवसांत तिसरा आला की चॅनेलच बंद. म्हणजे एका बडग्याच्या व्हिडिओपायी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं, कीर्तनांचं जमवलेलं सगळं भांडार जातं. बोलण्यावर बंदी आहे, पुढच्यांना बसणारी जरब आहे, न ऐकल्यास दंडही आहे. फक्त राजमुद्रा नाही, म्हणून त्याला दुसरं नाव द्यायचं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1946 मध्ये मार्श विरुद्ध अलाबामा खटल्यात सांगितलं होतं, की सगळं गावच कंपनीच्या मालकीचं असलं तरी रस्त्यावर पत्रकं वाटणाऱ्याला कंपनी हुसकावू शकत नाही. सार्वजनिक बोलणं जिथे चालतं, ती जागा कोणाची हा प्रश्न दुय्यम आहे.

इतवारीकर

मार्शचा आधार पुढे टिकला नाही. प्रेगर युनिव्हर्सिटी या नावाच्या व्हिडिओ बनवणाऱ्या संस्थेनं यूट्यूबवर खटला भरला, तेव्हा 2020 मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की यूट्यूब म्हणजे सरकार नव्हे. आणि 2024 च्या मूडी विरुद्ध नेटचॉइस निकालात तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं मजकुराची निवड करणं हीच प्लॅटफॉर्मची अभिव्यक्ती मानली.

झिरोमाईल

दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चाललात, की कोणी काढलं ते आपल्याला माहीत आहे. बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो. नाव ठरवण्याआधी हे तपासा:

मजकूर फक्त भारतात दिसत नाही आणि दुबईतल्या किंवा लंडनमधल्या ओळखीच्या माणसाला दिसतो? मग तो बहुधा कायदेशीर मागणीवरून इथल्यापुरता रोखला आहे. सगळ्या जगातून गेला? मग बहुधा कंपनीचा स्वतःचा नियम किंवा कॉपीराइटचा दावा. लिंक उघडते, पण शोधात येत नाही आणि बघणारे एकदम आटले? मग पोहोच घटवली असण्याची शक्यता आहे, आणि त्याची सूचना सहसा येतच नाही. 'बहुधा' म्हणतोय, कारण सरकारनं नुसता इशारा केला आणि कंपनीनं 'आमच्या नियमात बसत नाही' म्हणून जगभरातून काढलं, असंही होऊ शकतं. ते बाहेरून ओळखता येत नाही.

ट्विटरचंच बघा. जानेवारी 2021 मध्ये त्यांनी ट्रम्प यांचं खातं स्वतःच्या निर्णयानं बंद केलं. फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनाशी संबंधित खाती सरकारी आदेशावरून भारतात रोखली. बघणाऱ्यासाठी दोन्हीकडे परिणाम एकच, खातं उघडत नाही.

आता मारबतीचा व्हिडिओ कुठे अडकतो ते सांगतो. तपासणारी यंत्रणा आधी चित्र बघते. माणसाच्या आकाराचं काहीतरी जळतंय, भोवती गर्दी ओरडतेय. मग आवाजाचा मजकूर करते. ढोल-ताशात तो अर्धवट येतो, वऱ्हाडी बोली हिंदीच्या खात्यात जाऊ शकते, आणि शब्दयादी कच्ची असेल तर 'मारबत'मधला 'मार' वेगळा उचलला जातो. त्यात खऱ्या माणसाचं नाव आलं की धोक्याचा गुण वाढतो. गुण फार वर गेला तर व्हिडिओ आपोआप उडतो, मधला असेल तर माणसापुढे रांगेत जातो. त्या माणसाला मारबत म्हणजे काय हे माहीत नसेल, तर तोही 'काढा'च म्हणेल. यात कोणाचा हेतू शोधत बसू नका.

यावर उपाय साधा आहे. शीर्षकात आणि वर्णनात 'नागपूरची मारबत-बडग्या मिरवणूक, प्रतीकात्मक पुतळादहन' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहा. आणि उडालेली फाइल लगेच पुन्हा टाकू नका. काढलेल्या फाइलचा डिजिटल ठसा साठवलेला असू शकतो, मग दुसरी प्रत चढता चढताच पकडली जाते आणि स्ट्राइक वाढतो.

सिव्हिल लाइन्स

मी कायद्याची बाजू मांडते. अमेरिकेत आहे तितकं सरळ उत्तर भारतात नाही.

'राज्य' कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या घटनेच्या कलम 12 प्रमाणे यूट्यूब 'राज्य' नाही, हे खरं. पण कौशल किशोर खटल्यात 3 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 4 विरुद्ध 1 अशा बहुमतानं म्हटलं, की कलम 19 आणि 21 (जीवन आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चे हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. न्या. नागरत्ना यांचं मत या मुद्द्यावर वेगळं होतं. शिवाय झी टेलिफिल्म्सच्या 2005 च्या निकालात क्रिकेट मंडळ 'राज्य' नाही, तरी सार्वजनिक काम करतं म्हणून कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट चालेल, असं सांगितलं. ती वाट प्लॅटफॉर्मपर्यंत नेता येईल, असा युक्तिवाद करायला जागा आहे. इतवारीकर म्हणतात तसं दार बंद नाही, आणि धंतोलीकर समजतात तितकं ते सताड उघडंही नाही.

2021 च्या आयटी नियमांतला 4(8) वाचा. 50 लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मनं स्वतःहून मजकूर काढला, तर काढण्याआधी कारण कळवायचं आणि हरकतीची वाजवी संधी द्यायची. व्यवहारात कारण म्हणून एका ओळीचा ठोकळेबाज निरोप येतो. तो पुरेसा नाही, हे तक्रारीत नियमाचा क्रमांक घालून लिहा. लिंक, तारीख, वेळ, सूचनेचा स्क्रीनशॉट आणि मूळ फाइल जपून ठेवा. आधी ॲपमधलं अपील, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्याचा निर्णय मिळाल्यापासून 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. लोक ॲपमधल्या अपिलावरच थांबतात आणि या समितीपर्यंत पोचतच नाहीत.

कॉपीराइटचा दावा असेल तर वाट निराळी. 2013 च्या नियमांनुसार तक्रारदारानं 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर परत ठेवता येतो.

इतवारीकर

ती अपील समिती नेमतं कोण? केंद्र सरकार. म्हणजे खाजगी कंपनीनं काय काढायचं आणि काय ठेवायचं, याचा शेवटचा शब्द सरकारी समितीचा. कंपनीच्या कात्रीला सेन्सॉरशिप म्हटलं की उपाय म्हणून सरकारलाच आत बोलवावं लागतं. मला भीती आहे ती हीच. सत्यशोधन कक्ष हे त्याचं ताजं उदाहरण. केंद्राच्या कामकाजाबद्दलची कोणती माहिती खोटी, हे केंद्राचाच कक्ष ठरवणार होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. 20 सप्टेंबर 2024 ला न्या. चांदूरकरांच्या मतानं तो नियम रद्द ठरला. त्यांनी आपल्याच नागपूर खंडपीठात वकिली केलेली आहे.

धंतोलीकर

सरकार तर आधीच आत आहे, भाऊ! आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली सरकार मजकूर रोखायचे आदेश देतं, त्यांना 2009 च्या नियमांतला 16 वा नियम गोपनीयतेचं कुलूप लावतो. त्यात सरकारचं सहयोग पोर्टल आलं, त्यावरून अधिकारी कलम 79(3)(ब)च्या, म्हणजे मजकूर काढायच्या, नोटिसा थेट कंपनीला पाठवतात. एक्सनं (आधीचं ट्विटर) त्याला आव्हान दिलं, ते कर्नाटक उच्च न्यायालयानं 24 सप्टेंबर 2025 ला फेटाळलं. नोटीस पाळली नाही तर वापरकर्त्यांच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर न येऊ देणारं कलम 79 चं संरक्षण जायची टांगती तलवार. तुमच्या एका व्हिडिओसाठी कोणती कंपनी ती ओढवून घेईल? काढून टाकणं तिला सगळ्यात स्वस्त पडतं. 'खाजगी निर्णय' आणि 'सरकारी बंदी' या दोन पेट्या तुम्ही वेगळ्या ठेवता, पण काढला गेलेला मजकूर बरेचदा दोन्हींच्या मधे पडलेला असतो.

इतवारीकर

मग मधे पडलेल्याला सेन्सॉरशिप म्हणा, माझी हरकत नाही. तिथे कंपनीच्या हातून सरकारच कापतंय. मारबतीला हिंसा समजणाऱ्या यंत्रणेला मात्र मी गाढवपणा म्हणीन. तिच्याविरुद्ध 4(8) खाली भांडा, हवं तर ग्राहक म्हणून भांडा.

झिरोमाईल

त्यासाठी दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात, जो 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू आहे, कंपनीला कारणपत्र द्यावं लागतं. कायद्यामुळे काढलं की स्वतःच्या नियमामुळे, निर्णय यंत्राचा होता का, पोहोच घटवली का, हे सगळं त्यात यावं लागतं. आपल्या 4(8) मध्ये मजकूर काढणं येतं, नुसती पोहोच घटवणं स्पष्टपणे येत नाही. मागणी करायची तर ही करा. आणि 69अ खालचा आदेश असेल, तर निदान ज्याचा मजकूर गेला त्याला तरी त्याची प्रत मिळाली पाहिजे.

धंतोलीकर

प्रतीच्या मागणीवर माझी सही धरा. गाढवपणा म्हणून सोडून द्यायला मात्र मी तयार नाही. चॅनेल बंद झालेल्या कीर्तनकाराला हेतू कोणाचा होता याच्याशी काय करायचं आहे?