पहिले जैविक रेणू पाण्यात जुळले की दगडाच्या पृष्ठभागावर?

रानवारा (धागाकर्ता)

शाळेपासून एकच गोष्ट ऐकत आलोय, आदिम समुद्र, त्यात विजा कडाडल्या, अमिनो आम्लं बनली आणि मग यथावकाश पेशी. मिलरचा 1953 चा प्रयोग तर प्रत्येक पुस्तकात असतो. पण जरा खोलात गेलं की गाडी अडते. समुद्र एवढा अफाट, त्यात चार रेणू तयार झाले तरी ते एकमेकांना गाठणार कधी आणि जोडले जाणार कसे? मध्यंतरी वाचलं की हे सगळं माती किंवा खनिजांच्या पृष्ठभागावर घडलं असावं. म्हणजे नक्की काय? खनिज नुसती टेकायला जागा देतं की स्वतः काही करतं पण? माझी केमिस्ट्री कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंतचीच आहे, त्या बेताने सांगा प्लीज.

गारगोटी

प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. पातळ होणं ही अर्धीच अडचण, खरी अडचण पाणी स्वतःच आहे. दोन अमिनो आम्लं जोडली जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, न्यूक्लिओटाइड (आरएनए-डीएनएच्या साखळीतले सुटे दुवे) जोडतानाही तसंच, आणि आजूबाजूला पाणीच पाणी असेल तर रिअॅक्शनचा कल उलटा, म्हणजे जोडलेलं तुटण्याकडे असतो. त्यामुळे नुसत्या समुद्रात लांब साखळी बनणं फार अवघड.

आता माती. बर्नाल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकाच्या शेवटीच सुचवलं होतं की चिकणमातीचे कण विरळ द्रावणातले रेणू स्वतःवर ओढून घेऊन एका जागी गोळा करत असतील. मॉन्टमोरिलोनाइट नावाची माती घ्या, तिचा एकेक थर साधारण 1 नॅनोमीटर जाडीचा, वहीच्या पानांसारखे थरावर थर, त्यामुळे एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो. थरांवर ऋण भार असतो, मधे सोडियम कॅल्शियमसारखे धन आयन बसतात, आणि न्यूक्लिओटाइड या थरांच्या सांदीत शिरून चिकटतात. नुसते चिकटत नाहीत तर शेजारी शेजारी येतात, ही खरी गंमत. जेम्स फेरिस आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की अशा मातीवर आधी एक छोटी साखळी चिकटवून तिला पुन्हा पुन्हा ताजे न्यूक्लिओटाइड पुरवत राहिलं तर ती 50 दुव्यांच्या पुढे, 55 पर्यंत वाढते. माती नसेल तर त्याच द्रावणात अगदी तोकडे तुकडे मिळतात. तेव्हा नुसती जागा नाही, माती चक्क कॅटॅलिस्टचं काम करते.

तळगाळ

वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट सांगायलाच हवी नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल प्रश्न सुटला. त्या प्रयोगात वापरलेले न्यूक्लिओटाइड साधे नव्हते, त्यांच्या फॉस्फेटला आधीच इमिडाझोल (नायट्रोजन असलेला एक छोटा रेणू) लावून 'चार्ज' केलेलं होतं, म्हणजे जोडणीची ऊर्जा बाहेरून आणलेली. तसे रेणू त्या काळच्या पृथ्वीवर पुरेसे आले कुठून, हा प्रश्न उरतोच. शिवाय सगळी मॉन्टमोरिलोनाइट सारखं काम करत नाही, भार जास्त असलेले मातीचे काही नमुने जवळपास निकामी निघतात. आणि पकड फार घट्ट असेल तर बनलेली साखळी सुटणारच नाही, मग पुढे उपयोग काय तिचा? घट्टही नको, सैलही नको, हा तोल मला तरी सगळ्यात नाजूक भाग वाटतो.

सागरतळ

ऊर्जेचं म्हणाल तर मातीपेक्षा लोह आणि गंधकाची खनिजं बघा. ग्युंटर व्हेख्टरहॉयझर, म्युनिकमधला पेटंट वकील (शिक्षणाने केमिस्ट), त्याने 1988 मध्ये मांडलं की आयर्न सल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइडपासून पायराइट (लोह-गंधकाचं एक खनिज) बनताना इलेक्ट्रॉन सुटतात, ते कार्बनच्या रेणूंना मिळून जीवनाचं पहिलं इंजिन सुरू झालं असेल. म्हणजे इथे खनिज नुसता मदतनीस नाही, इंधन पण तेच. 1997 मध्ये त्याने आणि क्लाउडिया ह्यूबरने लोह-निकेल सल्फाइडवर कार्बन मोनॉक्साइड आणि मिथाइल मर्कॅप्टनपासून (गंधक असलेला एक साधा रेणू) अॅसिटिक आम्लाचा सक्रिय प्रकार बनवून दाखवला, तोही सुमारे 100 डिग्रीला.

मला यात सगळ्यात जास्त पटतं ते हे की आजच्या पेशींतही लोह-गंधकाचे छोटे गठ्ठे आहेत, फेरेडॉक्सिन नावाच्या प्रोटीनमध्ये चार लोह आणि चार गंधक यांचा जवळजवळ घनाकार गठ्ठा असतो आणि तो इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेतो. खनिजाचा एक कण प्रोटीनने पोटात घेऊन ठेवावा असं ते दिसतं. हा पुरावा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

रानवारा

खूप छान, धन्यवाद सगळ्यांना. अजून एक, अमिनो आम्लांची डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असतात, आणि जीवसृष्टीत जवळपास सगळी डावी असतात ना, त्यात खनिजांचा काही हात?

गारगोटी

असू शकतो. रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये कॅल्साइटचा (चुनखडीतलं खनिज) स्फटिक डाव्या उजव्या मिश्र अॅस्पार्टिक आम्लाच्या (एक अमिनो आम्ल) द्रावणात बुडवला, मग धुऊन एकेका बाजूवर काय चिकटलंय ते वेगवेगळं मोजलं. एका जातीच्या बाजूंवर डावं जास्त, तिच्या आरशातल्या जोडीवर उजवं जास्त! फरक जास्तीत जास्त 10 टक्क्यांच्या आसपास, पण होता. अडचण अशी की निसर्गात दोन्ही प्रकारच्या बाजू सारख्याच असतात, त्यामुळे एकूण हिशोब शून्यावर येतो. अर्थात पहिली साखळी कुठेतरी एकाच बाजूवर वाढली आणि तिनेच पुढे बाजी मारली, तर तेवढा फरकही पुरला असेल.

काजळमाया

मिलरचा विषय निघालाच आहे तर हे राहायला नको. 2021 मध्ये एका टीमने तोच प्रयोग तीन प्रकारे केला, नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेच्या भांड्यात, टेफ्लॉनच्या भांड्यात, आणि टेफ्लॉनमध्ये काचेचे तुकडे टाकून. काचेत सर्वात जास्त प्रकारचे रेणू, नुसत्या टेफ्लॉनमध्ये सर्वात कमी, आणि तुकडे टाकलेल्यात मधलं. अल्कधर्मी पाण्याने काच थोडी थोडी विरघळते आणि ते सिलिका रिअॅक्शनमध्ये भाग घेतं. म्हणजे ज्या प्रयोगाला आपण 'पाणी, वायू आणि वीज' म्हणून ओळखतो त्यात एक खनिजासारखा पृष्ठभाग पहिल्यापासून होता, आणि इतकी वर्षं तो हिशोबात धरला जात नव्हता.

आणि पेशीच्या आवरणाचं पण आहे. जॅक शोस्टाक या शास्त्रज्ञाच्या लॅबने 2003 मध्ये दाखवलं की मॉन्टमोरिलोनाइट टाकलं की फॅटी आम्लांचे पोकळ फुगे खूप भराभर बनतात, आणि मातीच्या कणावर आरएनए चिकटलेलं असेल तर तो कण आरएनएसकट फुग्याच्या आत जाऊन बसतो.

तळगाळ

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. पण यातला प्रत्येक प्रयोग एकेका खनिजावर, स्वच्छ धुतलेल्या, निवडलेल्या नमुन्यावर झालाय. खऱ्या किनाऱ्यावर माती, सल्फाइड, काचेसारखा बसाल्ट, सगळं एकत्र, कधी ओलं कधी सुकं. सुकताना पाणी आपोआप निघून जातं, म्हणजे गारगोटींनी सांगितलेली पाण्याची अडचण तिथे कमी होते. अशा मिश्र गाळात, सुकवत भिजवत, साध्या न्यूक्लिओटाइडवर कोणी पद्धतशीर काम केलेलं वाचलं असेल तर लिंक द्या.