अनुभव धागा: नव्या नोकरीत प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकलं

लोअर परळच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला लागले होते. ऑफर लेटरमध्ये सोमवार ते शुक्रवार, साडेनऊ ते साडेसहा असं स्वच्छ लिहिलं होतं. पहिल्याच शनिवारी सकाळी फोन आला, "आली नाहीस?" शनिवारी सगळेच येतात म्हणे. संध्याकाळीही तेच. साडेसहाला कुणी जागचं हलायचं नाही आणि आठला साहेब केबिनमधून बाहेर येऊन विचारायचे, "किती झालं?" मी डोंबिवलीची. करी रोडहून स्लो, दादरला उतरून फास्ट, आणि घरी पोचेपर्यंत साडेदहा.

उशिरा थांबायला माझी ना नव्हती. 7 तारखेला टीडीएसची, 11 आणि 20 तारखेला जीएसटीची मुदत असते. या दिवसांत घड्याळ बघायचं नसतं, हे आमच्या लाइनमधल्या प्रत्येकाला कळतं. पण तारीख नसताना रोज आठपर्यंत कशासाठी? मी एचआरला मेल केली: शनिवार कामाचा दिवस आहे का, असल्यास कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) मिळेल का, कृपया लेखी कळवावे. एवढंच.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद उपडा ठेवलेला. "तुम्ही प्रोबेशनवर आहात, टीमशी जुळत नाहीये." प्रोबेशन म्हणजे कायम करण्याआधीचा पारखण्याचा काळ. माझं कुठलं काम चुकलं, विचारलं. "कामाबद्दल तक्रार नाही." मी अजून खुर्चीतच होते आणि फोनवरचं ऑफिसचं मेल बंद झालं. जागेवर परत जाऊ दिलं नाही. पँट्रीतले काका माझी पर्स आणि डबा खाली घेऊन आले. डबा भरलेलाच होता. गेटवर सिक्युरिटीने पर्स उघडायला लावली, तेव्हा काका मान फिरवून उभे राहिले.

घरी आई म्हणाली, "तूच काहीतरी उलट बोलली असशील." हे मला फार लागलं. म्हणून विचारते आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहा. नाव नको, कंपनीचं नाव नको. काम आणि स्टेशन पुरे. काय विचारलं होतंत, काढताना काय कारण सांगितलं, आणि पैसे-कागद कसे मिळवलेत, हे जरूर लिहा.

शिक्षिका, बोरिवली

ताई, तू उलट बोलली नाहीस. आधी हे वाच आणि मग आईंना वाचून दाखव.

मी एका खासगी शाळेत लागले. पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा आणि त्यातला ठरलेला भाग पहिल्या आठवड्यात रोख ऑफिसात नेऊन द्यायचा. मुलाखतीत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. क्लार्कबाईंनी वही पुढे केली, त्यात सगळ्या शिक्षकांची नावं आणि समोर टिकमार्क. मी विचारलं, "याची पावती मिळेल?" त्यांनी वही मिटली. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी सांगितलं, पालकांच्या तक्रारी आहेत, उद्यापासून येऊ नका. कुठल्या पालकांच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नववीच्या अर्ध्या तपासलेल्या वह्या तशाच टेबलावर राहिल्या.

स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ बाईंनी फोन करून महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याबद्दल सांगितलं. कायदा 1977 चा. मान्यताप्राप्त खासगी शाळेत प्रोबेशनवरच्या शिक्षकालाही काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार द्यावा लागतो, आणि आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मी लेखी आदेश मागितला, देईनात. मग या कायद्याचा उल्लेख करून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र धाडलं. महिन्याचा पगार आला. या वेळी रोख काही परत मागितलं नाही.

टेस्टर, मालाड

रात्रीच्या शिफ्टला गाडी मिळेल असं इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं होतं, मिळाली नाही. ग्रुपवर विचारलं. मॅनेजरने ग्रुपमधूनच काढलं, सकाळी नोकरीतून. कारण दिलं ॲटिट्यूड. पगार पुष्कळ मागे लागल्यावर आला, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सुटल्याचं पत्र, आजतागायत नाही.

सिस्टर, कुर्ला

आमच्या नर्सिंग होममध्ये बारा तासांची ड्युटी, आणि रिलीव्हर आली नाही तर पुढचे बारा तासही आपलेच. आयसीयूमध्ये रात्रभर उभं राहून सकाळी इन्शुलिनचा डोस मोजताना हात थरथरतात, हे मेट्रनला दिसत नाही असं कसं म्हणू? त्याही याच कामातून वर आलेल्या. मी एवढंच म्हटलं होतं की डबल ड्युटी लावायची तर रजिस्टरमध्ये डबल लिहा. पेशंटला काही झालं असतं तर कागदावर मी ताजीतवानी आले होते असंच दिसलं असतं. मालकांचा मेहुणा सगळा कारभार बघायचा. तो कॉरिडॉरमध्येच, पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "कल से आने की जरूरत नहीं."

खरा त्रास पुढे झाला. कामावर घेताना त्यांनी माझी मूळ सर्टिफिकेटं जमा करून घेतली होती, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचंसुद्धा. ती हातात नसतील तर दुसरीकडे लागायचं कसं? शेवटी भावाला घेऊन गेले, अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही. तेव्हा फाइल निघाली. नव्या मुलींनो, मूळ कागद दाखवा, ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या.

एका मुलाचे वडील, कल्याण

सगळ्यांबद्दल वाईट वाटलं. पण नवीन ठिकाणी पहिले काही महिने थोडं सबुरीने घ्यावं असं माझं मत आहे. आम्ही सदतीस वर्षं एका ठिकाणी काढली, वरिष्ठांशी तोंडाला तोंड दिलं नाही.

सिस्टर, कुर्ला

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून विचारते. तुमच्या मिलमध्ये किंवा ऑफिसात युनियन होती का? आमच्याकडे कुणीच नाही. तुमच्या वतीने दुसरं कुणी बोलत होतं, म्हणून तुम्हाला बोलावं लागलं नसेल.

एका मुलाचे वडील, कल्याण

होती. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एचआरमध्ये होतो, अंधेरी

टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. बहुतेक वेळा नाव आधी ठरतं आणि कारण मागाहून शोधलं जातं. मॅनेजरचा फोन येतो: "नवीन मुलगा फार प्रश्न विचारतो, कन्फर्मेशनच्या आत बघा." कन्फर्म, म्हणजे कायम झाल्यावर नोटीस पीरियड वाढतो, कागद वाढतात, म्हणून घाई. पत्रात कामगिरी खराब लिहायची तर आकडे दाखवावे लागतात. "टीमशी जुळत नाही" याला आकडा लागत नाही, म्हणून बहुतेकांना असंच काहीतरी ऐकवलं जातं.

राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील, असं सांगून तिथल्या तिथे सही घेण्याची पद्धतही सर्रास आहे. त्या खोलीत सही करू नका. विचार करून उद्या मेलने कळवतो म्हणा आणि उठा.

कामगार प्रकरणं बघतो, परळ

जे ठामपणे सांगता येईल तेवढं लिहितो.

काढून टाकलेल्या माणसाचा सगळा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत हे आहे, आणि त्याआधीच्या 1936 च्या कायद्यातही होतं. पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) हा कंपन्यांनी स्वतः पाडलेला पायंडा आहे. तासांबद्दल महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा बघा: आठवड्याला 48 तास, त्यावरच्या कामाला दुप्पट दर, आणि स्त्रीला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येत नाही. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू नाही, पण नुसतं कार्डावर मॅनेजर छापल्याने कुणी मॅनेजर होत नाही. प्रत्यक्ष काम कोणतं, ते बघतात.

आता कटू भाग. कामगाराला कामावरून कमी करण्याआधी एक महिन्याची नोटीस मिळते ती वर्षभराच्या सलग नोकरीनंतर, आणि त्या वर्षासाठी 240 दिवसांचं काम धरतात. महिना-दोन महिने झालेल्या माणसाला हे कवच नाही. त्याच्या हातात उरतं अपॉइंटमेंट लेटर. त्यात प्रोबेशनमध्ये पंधरा दिवसांची नोटीस लिहिली असेल तर ती त्यांच्यावरही बंधनकारक आहे. ते पंधरा दिवसांचे पैसे मागा. तोंडी मागू नका. दाद मिळाली नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात लेखी अर्ज द्या, सोबत ऑफर लेटर, पगाराच्या नोंदी आणि तुम्ही विचारणा केलेली मेल. मेल ऑफिसच्या खात्यावर असते आणि खातं आधी बंद होतं. म्हणून अशी विचारणा करताना आपल्या खासगी पत्त्यावर प्रत ठेवा. फक्त स्वतःच्या अटींबद्दलची मेल, कंपनीची कागदपत्रं नव्हेत.

अकाउंट्स, डोंबिवली

माझ्या लेटरमध्ये सात दिवस आहेत. आजच मेल टाकते. अजून एक: ही नोकरी पुढच्या बायोडेटात दाखवू की गाळू? सगळे गाळ म्हणताहेत.

एचआरमध्ये होतो, अंधेरी

पीएफ कापला गेला असेल तर गाळू नका. तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) त्या कंपनीची नोंद असते आणि व्हेरिफिकेशनमध्ये ती दिसते. मग लपवल्याचाच ठपका बसतो. त्यांनी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. रिलीव्हिंग लेटर नसेल तर पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट आणि काढल्याचं पत्र जोडा. मुलाखतीत विचारलंच तर सरळ सांगा: ऑफर लेटरमधल्या वेळांबद्दल लेखी विचारणा केली, त्यानंतर त्यांनी प्रोबेशन थांबवलं. त्यापुढे जुन्या साहेबांबद्दल काही बोलू नका. आणि नव्या ठिकाणचा शनिवार जॉइन होण्याआधी लेखी मागून घ्या.