वरच्या कोर्टात बसणाऱ्याने खालच्या कोर्टात दिवस काढलेले असावेत का?

सातबारा (धागाकर्ता)

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आज नऊ न्यायाधीश आहेत आणि त्यांच्यातला एकही जण कधी राज्याच्या कोर्टात न्यायाधीश नव्हता. त्या देशातले दहातले नऊहून जास्त खटले मात्र राज्यांच्याच कोर्टांत चालतात: घटस्फोट, घरभाडं, चोऱ्या, खून, अपघाताची भरपाई. डेव्हिड सूटर २००९ मध्ये निवृत्त झाले, त्यांच्यानंतर तो अनुभव असलेला माणूस तिथे नाही.

मला आदर्श वाटते ती सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांची वाटचाल. ऍरिझोनातल्या गुरांच्या रँचवर वाढल्या, १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून वकील झाल्या, तर एका बड्या फर्मने काय देऊ केलं? सेक्रेटरीची नोकरी! शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या) सरकारी वकिलाकडे सुरुवातीला बिनपगारी काम केलं. पुढे ऍरिझोनाच्या सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाच्या नेत्या. १९७४ मध्ये निवडणूक लढवून मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात (नाव मोठं, पण हे खटले चालवणारं खालचं कोर्ट) न्यायाधीश. १९७९ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी या रिपब्लिकन बाईंना राज्याच्या अपील कोर्टात नेमलं. दोन वर्षांत अध्यक्ष रेगननी थेट सुप्रीम कोर्टात नेलं, अमेरिकेच्या सिनेटमध्ये ९९ विरुद्ध ० मतांनी.

खालच्या कोर्टात आरोपी समोर उभा असतो. खोटे चेक देणाऱ्या एका लेकुरवाळ्या बाईला त्यांनी तुरुंगात पाठवलं आणि नंतर चेंबरमध्ये रडल्या, अशी आठवण सांगितली जाते. पेपरबुक (अपिलासाठी छापलेली खटल्याची कागदपत्रं) वाचून निकाल देणाऱ्याला हे कुठून कळणार? माझं म्हणणं, राज्याच्या कोर्टात काही वर्षं काढल्याशिवाय वर घेऊच नये.

तारीख_पे_तारीख

सातबारासाहेब, सपशेल असहमत. अर्ल वॉरन एक दिवसही न्यायाधीश नव्हते. सरकारी वकील, मग कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, आणि तिथून थेट सरन्यायाधीश. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्यांनीच लिहिला, आणि नऊच्या नऊ जणांना एकत्र आणून.

उलट बाजू बघा. ऑलिव्हर वेंडेल होम्स मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च कोर्टात वीस वर्षं होते. एवढ्या अनुभवानंतर १९२७ मध्ये त्यांनी व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीवर शिक्कामोर्तब केलं. अनुभवाने माणूस हळवा होतो हे कुणी ठरवलं? रोज तेच बघून निबरही होतो.

आडनाव_नाही

+१. आणि रडण्याचं कौतुक मला कळलं नाही. ती बाई तुरुंगात गेलीच ना?

ह्यूस्टनकर

टेक्सासमध्ये राहतो, इथे मतदान करतो. सातबारांनी 'निवडणूक लढवून' हे दोन शब्दांत उरकलं, खरी गोम तिथे आहे. आमच्या हॅरिस काउंटीत मतपत्रिकेवर न्यायाधीशांची रांगच्या रांग असते आणि प्रत्येक नावापुढे पक्ष. कौटुंबिक कोर्ट अमुक क्रमांक, फौजदारी कोर्ट तमुक क्रमांक. यातल्या कुणाचा एक निकालही बहुतेकांनी वाचलेला नसतो. लोक पक्ष बघून खाली खाली जातात. २०१८ मध्ये वारा फिरला आणि काउंटीतल्या न्यायाधीशपदांच्या सगळ्या लढती डेमोक्रॅट जिंकले. चांगले-वाईट सगळे रिपब्लिकन न्यायाधीश एका फटक्यात घरी. ही तुमची तालीम?

वेस्ट व्हर्जिनियात तर कहर झाला. मॅसी या कोळसा कंपनीला ५ कोटी डॉलर भरपाईचा आदेश झाला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च कोर्टापुढे येण्याआधी कंपनीच्या प्रमुखाने तिथल्या एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. उमेदवार निवडून आला, त्या खटल्यातून बाजूला व्हायला त्याने नकार दिला आणि निकाल ३-२ ने कंपनीच्या बाजूने. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, तोही जेमतेम ५-४.

सातबारा

ह्यूस्टनकर, पण निवडणुकीविरुद्ध सगळ्यात जास्त घसा कोरडा कुणी केला? ओ'कॉनरनीच. २००२ च्या मिनेसोटाच्या खटल्यात त्यांनी स्वतंत्र टिपण लिहून या पद्धतीवरच बोट ठेवलं, आणि निवृत्तीनंतर राज्याराज्यांत तोच प्रचार केला. ज्या १९७४ मध्ये त्या निवडून आल्या, त्याच वर्षी ऍरिझोनाच्या मतदारांनी मोठ्या काउंट्यांसाठी पद्धत बदलली: समिती नावं सुचवते, गव्हर्नर त्यातून नेमतो, ठरावीक काळाने मतदार फक्त 'ठेवा' किंवा 'काढा' सांगतात. मला खालचा अनुभव हवा आहे, प्रचारसभा नकोत.

तारीख_पे_तारीख

'ठेवा-काढा'वरही विसंबू नका. आयोवाच्या सर्वोच्च कोर्टाने २००९ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी तीन न्यायाधीशांना काढलं.

आता तुमच्या आदर्शाबद्दल. १९८१ मध्ये, राज्याच्या न्यायाधीश असताना, ओ'कॉनरनी एक लेख लिहिला होता. सूर असा, की फेडरल (केंद्राच्या) कोर्टांनी राज्यांच्या कोर्टांवर भरवसा ठेवावा, ऊठसूट ढवळाढवळ करू नये. आणि २००० मध्ये? फ्लोरिडाच्या सर्वोच्च कोर्टाने मतांच्या फेरमोजणीचा आदेश दिला, तो ५-४ ने गुंडाळला गेला, बुश अध्यक्ष झाले. त्या पाचांत ओ'कॉनर होत्या. राज्याच्या कोर्टाचा मान राखायची वेळ आली तेव्हा तो अनुभव कुठे गेला होता? २०१३ मध्ये म्हणाल्या की कोर्टाने ते प्रकरण बहुधा घ्यायलाच नको होतं. वरातीमागून घोडं!

वहिवाट

मी जिल्हा कोर्टात वकिली करते. तारीख_पे_तारीख, फ्लोरिडाचा मुद्दा बिनतोड आहे, पण एका निकालावरून अख्खी कारकीर्द मोडीत काढणंही बरं नव्हे. ज्याने साक्षीदाराची उलटतपासणी रोज ऐकली आहे, त्याला वकिलाने पढवलेली साक्ष कुठली ते कळतं. अपिलात छापील कागद येतो, त्यात साक्षीदार घुटमळला कुठे ते नसतं.

आपल्याकडे तर वरच्या कोर्टांतले बहुतेक जण वकिलीतून थेट हायकोर्टात जातात. दिवाणी न्यायाधीश म्हणून सुरुवात केलेला माणूस पायऱ्या चढत हायकोर्टात पोचेपर्यंत निवृत्तीचं वय जवळ आलेलं असतं, सुप्रीम कोर्ट तर लांबच. पण सातबारा, सक्ती केली तर होईल असं, की वर जायचंच आहे ते दोन-तीन वर्षं खाली काढून शिक्का मारून घेतील. त्या काळात त्यांच्यापुढे आलेल्या पक्षकारांनी काय करायचं?

सातबारा

वहिवाटताई, दोन-तीन नाही, निदान दहा वर्षं म्हणतोय मी.

आडनाव_नाही

मग ओ'कॉनरच बाद. त्यांची १९७४ ते १९८१ धरून सातच होतात.