अणू, रेणू, पेशी, स्नायू : मराठीत एक अर्थ, हिंदीत दुसरा

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यमात. शाळेत 'पाण्याचा रेणू' शिकला आणि मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओत 'पानी का अणु' ऐकला. आता विचारतो, खरं काय? दोन्हीकडचे शब्द संस्कृतातलेच ना?

उत्तर : ताई, दोन्ही खरं, आपापल्या भाषेत. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू, आणि अणू जोडले जाऊन होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात, दुसऱ्याला अणु. म्हणून आपण लिहितो, 'पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो'. हिंदी पुस्तकात तेच एका 'अणु'तले ३ 'परमाणु' होतात. मुंबईतल्या ट्रॉम्बेची संस्था मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र, हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. ही दोन नावं मुलाला शेजारी-शेजारी लिहून दाखवा, लगेच कळेल.

संस्कृतात म्हणाल, तर वैशेषिक दर्शनात, म्हणजे एका प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात, परमाणू म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा कण. २ परमाणूंचं द्व्यणुक, ३ द्व्यणुकांचा त्रसरेणू. कवडशात तरंगताना दिसतो तो. हिंदी या जुन्या वापराच्या जास्त जवळ राहिली, हे मान्य करायला हवं. तरी मुलांसाठी मला आपली जोडी सोपी वाटते. 'अणुरेणू' हा शब्द त्यांच्या कानावर आधीच असतो, आणि लहान-मोठ्याचा क्रमही त्यातच आहे.

दुसरा प्रतिसाद : अणूपेक्षा पेशीने जास्त घोळ होतो. मराठी पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराचा मूलभूत घटक, हिंदीत कोशिका. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू. आणि हिंदी विज्ञानाच्या पुस्तकात स्नायु म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा! 'धावल्यावर पायाच्या पेशी दुखतात' असं मुलं बिनधास्त लिहितात, कारण बोलताना आपणही मांसपेशी म्हणतोच. उत्तरपत्रिकेत मात्र तिथे स्नायूच हवा. मुलांना 'रक्तपेशी' हा शब्द आधी पक्का करून द्यावा, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकातून बघायची गोष्ट आहे हे डोक्यात बसतं.

विजेच्या धड्यातही असंच. हिंदीतला आवेश म्हणजे आपला विद्युत प्रभार (चार्ज), मराठीतला जोश या अर्थाचा आवेश नव्हे. मूलद्रव्य-तत्त्व, संयुग-यौगिक या जोड्यांचा त्रास नाही. शब्दच निराळे, त्यामुळे मूल थांबून विचारतं. सारख्या दिसणाऱ्या शब्दाला कोणी थांबत नाही.

प्रश्नकर्ती : मग हिंदी व्हिडिओ बंद करू का?

उत्तर : अजिबात नको, त्यातले प्रयोग छान असतात. फक्त बघून झाल्यावर कळलेलं एक पूर्ण वाक्य मराठीत वहीत लिहायला लावा. नुसती शब्दांची यादी पाठ करून घेऊ नका. 'कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूत कार्बनचा १ आणि ऑक्सिजनचे २ अणू' असं वाक्य स्वतः लिहिलं, की अणू कुठला नि रेणू कुठला हे चुकत नाही.

आणि लेखनाचं एक : सुटा असताना अणू, रेणू दीर्घ, समासात ऱ्हस्व. अणुऊर्जा, रेणुसूत्र.