घरात लॅब्राडोर आणावा की कारवान?

माळरानची_सून:
सोलापूरजवळ आमचं बैठं घर आहे, मागे अंगण आणि तारेचं कुंपण. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक. कुत्रं पाळायचं नक्की झालंय. ह्यांना लॅब्राडोर हवाय, मला कारवान. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे, म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर, आतला अगदी दाट. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. दुपारभर तो जीव धापा टाकत फरशीवर पडून राहणार, हे मला बघवणार नाही. कारवान याच दख्खनच्या माळावर घडलाय. आखूड केस, सडपातळ अंग. मुधोळ हाउंड म्हणा की कारवान, वंश एकच. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. तरी आपल्याच मुलखात लोक त्याला विचारत नाहीत, याचं वाईट वाटतं.

कृष्णाकाठ:
ताई, ऊन सोसतो एवढ्यावर कुत्रं घरात आणू नका. कारवान नजरेवर शिकार करतो. समोरून काही पळालं की तो तुमची हाक ऐकणार नाही. शेजारची मांजर, कोंबडी, शेळीचं करडू, त्याला सगळं सारखंच. आमच्याकडे धनगरांच्या वाड्यावर ही कुत्री आहेत. धन्यावर जीव टाकतात, पण परक्याने अंगाला हात लावलेला बहुतेकांना खपत नाही. तुमच्या लेकीच्या मैत्रिणी येणार, आरडाओरडा करत पळणार. अशा घराला लॅबच बरा. माणसांत रमतो आणि खाऊच्या आशेवर काहीही शिकतो. उन्हाचं म्हणाल तर पहाटे आणि रात्री फिरवायचं, दुपारी पंख्याखाली ठेवायचं.

गोठा_ते_दवाखाना:
खाऊच्या आशेवर शिकतो आणि खाण्यापायीच बिघडतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की, सुमारे चौथाई लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्यांची भूक जास्त, वजनही जास्त. त्यात घरातली थोरली माणसं मायेने पोळीचा तुकडा टाकतात, आणि खुब्याचे सांधे मुळात कच्चे असले तर चालणं अवघड होतं. ही तक्रार घेऊन लॅब सतत येतात. कारवान त्यामानाने काटक. मात्र त्याची कातडी पातळ असते, तारेच्या कुंपणाने सहज फाटते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर जात आवर्जून सांगा. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांवर थायोपेंटोनसारख्या भुलीचा अंमल फार वेळ टिकतो.

माळरानची_सून:
कुंपणाचं बरं सांगितलंत. तारेऐवजी भिंत घालू, छातीच्या वर. पण परक्याला लगट करू देत नाही, हा मला दोष वाटत नाही. कुत्र्याच्या अंगाशी झोंबायचं नाही, हे पोरींना शिकवलंच पाहिजे, लॅब असला तरी. पिल्लू लहानपणापासून माणसांत वाढलं तर बुजरेपणाही कमी होतो.

कृष्णाकाठ:
कमी होतो, जात नाही. आणि त्याला पळवणार कुठे? पट्टा लावून गल्लीत एक फेरी मारली की कारवानचं भागत नाही. बांधून ठेवला तर चिडका होतो. उघड्या रानात सोडला तर सशामागे जाणार, आणि सशाच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

माळरानची_सून:
सासऱ्यांची बागायत आहे, तिला चारी बाजूंनी भिंत. तिथे पळेल.

कृष्णाकाठ:
मग जागेचा प्रश्न मिटला, माणसाचा राहिला. पाऊस असो, सण असो, रोज पहाटे त्याला बागेत कोण नेणार? सासरे थकलेले असतील आणि तुम्ही दोघं नोकरीवर जात असाल, तर माझं मत लॅबलाच.

माळरानची_सून:
मी नेणार. कामावर निघायच्या आधी बागेत माझी फेरी असतेच. आता ह्यांना पटवायचं. लातूरकडे पश्मी, म्हणजे लांब केसांचे कारवानही मिळतात म्हणे, पण मला आखूड केसांचाच हवा. पिल्लाचे आईबाप परक्या माणसाशी कसे वागतात, ते समोर बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.