उन्हाळ्यात नुसतं पळून बर्कीची 50 किमी निघेल का?

सातारा_ते_मिनेसोटा

नमस्कार मंडळी. मी मिनियापोलिसला असतो, वय 41. मुलगी शाळेच्या स्की टीममध्ये गेली, तिला सोडायला-आणायला जाता जाता मीही शिकलो, त्याला आता तीन हिवाळे झाले. या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनला कोर्टेलोपेट ही स्की शर्यत केली, 29 किमी, स्केट पद्धतीने (स्की तिरपी ढकलत, स्केटिंगसारखं). पुढच्या वर्षी अख्खी अमेरिकन बर्कबायनर स्की शर्यत, म्हणजे बर्की, करायचीय, केबल ते हेवर्ड 50 किमी, आणि हे मी अगदी मनापासून ठरवलंय.

अडचण अशी की यंदा 20 किमीनंतर पाय शाबूत होते, दमही होता, पण हात संपले. अक्षरशः पोल (स्कीच्या काठ्या) उचलवेना, दंडाची मागची बाजू आणि काखेखालचा भाग दगड झाला होता. चढावर नुसत्या पायांनी रेटत होतो आणि साठीच्या पुढचे लोक शांतपणे बाजूने पुढे जात होते. उन्हाळ्यात मी फक्त पळतो, आठवड्याला 35-40 किमी. नोकरी आणि घर सांभाळून फार तर सहा तास मिळतात. तेवढ्यात पळणंच वाढवू का रोलरस्की (डांबरावर चालवायच्या चाकांच्या स्की) घेऊ? डांबरावर पडायची भीती वाटते हे खरं सांगतो. आणि डिसेंबरात बर्फावर सराव करू म्हणावं तर बर्फाचा काही भरवसा राहिलेला नाही, 2017 ला बर्की रद्दच झाली आणि 2024 ला कृत्रिम बर्फाच्या 10 किमीच्या लूपवर फेऱ्या मारून घ्यावी लागली. म्हणजे जे काय करायचं ते मे ते नोव्हेंबर. कुणी केलंय का?

गेटवे_ट्रेलवाला

मी सेंट पॉलचा, बर्की नऊ वेळा झाली. आधी एक सांगतो, तुमचे हात कमजोर आहेत म्हणून संपले नाहीत, तुम्ही सगळं काम हातांनी केलंत म्हणून संपले. पोलिंग हे पोटाचं काम आहे. हात डोळ्यांच्या उंचीला, कोपर काटकोनाच्या आसपास धरून तसंच ठेवायचं, घोट्यातून पुढे झुकायचं आणि पोल टेकला की सगळं अंग त्याच्यावर टाकायचं, पोट आवळलं जातं आणि तिथून ढकल मिळते, हात फक्त शेवटी मागे जातात. अंग न टाकता नुसत्या दंडाने ओढलं की 15-20 किमीत त्याचं तेल संपणारच. पळून हे शिकता येत नाही, त्यामुळे हो, रोलरस्की घ्या.

स्केटची घ्या, चाकं दोन नंबरची. नंबर कमी तेवढं चाक वेगाने पळतं, एक नंबर नवीन माणसाच्या कामाचं नाही, दोन नंबर साधारण बर्फाइतका वेग देतं. पोल हिवाळ्याचेच चालतील पण टोकं बदलावी लागतात, डांबरासाठी कार्बाइडची टोकं येतात, आणि ती डायमंडच्या कानशीने दर तीन-चार वेळांनी धार लावून ठेवायची. टोक बोथट झालं की पोल डांबरावरून मागे सरकतो, तो झटका थेट कोपरात बसतो आणि दोन महिन्यांत कोपर धरून बसावं लागतं. हे फार जणांना कुणी सांगतच नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

बहुतेक रोलरस्कींना ब्रेक नसतो हे डोक्यात पक्कं ठेवा. म्हणून सुरुवात गेटवे ट्रेलवर करा, तो जुन्या रेल्वेच्या मार्गावर बनवलाय त्यामुळे चढ-उतार अगदी मंद आहेत. हेल्मेट, हातमोजे, भडक जॅकेट. रस्ता ओलांडायच्या आधी गवतात उतरायचं शिकून घ्या, तेच थांबणं. उतार तीव्र वाटला तर स्की काढून हातात घेऊन चाला, त्यात काही कमीपणा नाही. पहिले तीन आठवडे दर वेळी दहा मिनिटं पोलशिवाय स्केट करा, एका पायावर जितकं टिकता येईल तितकं टिका. तोल आला की निम्मी ताकद वाचते.

घरी जोर काढा, आपले तालमीतले जोर, आणि पुल-अप. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं पुरेत.

मेलारेनकाठी

स्टॉकहोमहून लिहितेय. वरच्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, माझी थोडी भर. मी दोनदा वासालोपेट ही स्की शर्यत केली, सेलेन ते मूरा 90 किमी, आणि ती क्लासिक (स्की समांतर ठेवून) असली तरी आता पुढचे लोक ग्रिप वॅक्स (स्की मागे घसरू नये म्हणून लावायचं मेण) न लावता पूर्णवेळ डबल पोलिंगच (दोन्ही पोल एकदम टेकून ढकलणं) करतात, त्यामुळे इथे उन्हाळ्यात रस्तोरस्ती बायाबापड्या रोलरस्कीवर पोल मारताना दिसतात. पहिल्या वर्षी मीही फक्त पळून गेले होते. एव्हर्ट्सबेरी म्हणजे साधारण मधलं ठाणं, तिथे ब्लूबेरी सूपचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला इतकी बोटं थरथरत होती. दुसऱ्या वर्षी मेपासून आठवड्यातून दोनदा डबल पोलिंग केलं आणि त्याच ठिकाणी मी सूप पिऊन दोन मिनिटांत निघाले.

इथल्या हौशी लोकांची एक पद्धत मला फार आवडते. स्वीडिश क्लासिक म्हणून एक गोष्ट आहे, बारा महिन्यांत चार स्पर्धा: वासालोपेट, जूनमध्ये मोटालाची लांब सायकल राइड, जुलैत नदीत 3 किमी पोहणं आणि सप्टेंबरअखेर लिडिंगोलोपेट, 30 किमी पळणं. त्यामुळे उन्हाळाभर कशाची तरी तयारी चालूच राहते आणि शरीर एकाच हालचालीला कंटाळत नाही. तुम्हाला पळायला आवडतं ना, मग ते सोडू नका. पण त्यातला एक दिवस रोलरस्कीला आणि एक दिवस पोहण्याला द्या. पोहताना खांदा आणि पाठीची तीच बाजू कामाला लागते, पडायची भीतीही नाही.

सिंहगड_दर_रविवार

मी ओस्लोला. तुमच्या पोस्टमध्ये वेगाबद्दल काहीच नाही म्हणून विचारतो, ते 35-40 किमी तुम्ही कशा वेगात पळता? कारण मी चार वर्षं एकच चूक केली, रोज मध्यम जोरात. दमायचो, समाधान वाटायचं आणि सुधारणा शून्य. इथले अव्वल खेळाडू वर्षाला 800-900 तास ट्रेनिंग करतात आणि त्यातला फार मोठा भाग अगदी सावकाश असतो, शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतपत. तुमच्या सहा तासांतले पाच तसेच ठेवा आणि जो एक जोराचा आहे तो खरंच जोराचा करा.

तो जोराचा दिवस टेकडीवर, पोल घेऊन. चार मिनिटं चढ, तीन मिनिटं सावकाश खाली, असं चारदा. सुरुवातीला भराभर चालत, सप्टेंबरपासून उड्या घेत, याला इथे एल्गहुफ्स म्हणतात, दलदलीतून मूस (मोठं हरीण) जसा ढांगा टाकत जातो तसं. पुण्यात असताना सिंहगड चढायचो तेव्हा शेवटच्या टप्प्यात हात गुडघ्यांवर यायचे, तेच काम आता पोल करतात. गुडघ्यांनाही हे पळण्यापेक्षा सोपं जातं, आणि टेकडीसाठी थिओडोर वर्थ पार्क तुमच्या गावातच आहे.

डांबराबद्दल एकच, ऑक्टोबरात ओल्या पानांवरून जाऊ नका. माझं मनगट त्यातच गेलं, पोल पानांवर टेकला, सरकला आणि मी हात टेकून पडलो, सहा आठवडे प्लास्टर. मोसमाचा ऐन सराव गेला. पानं पडायला लागली की रोलरस्की झाडून पुसून ठेवतो आणि टेकडीचे दिवस वाढवतो.

सातारा_ते_मिनेसोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल व्यायामशाळेतल्या स्की मशीनवर आरशासमोर उभा राहून बघितलं, दादांनी सांगितलं तेच, मी कंबरेतून हलतच नाहीये, नुसते हात वरखाली. पोट आवळून अंग टाकून बघितलं तर वीस मिनिटांनी पोट दुखायला लागलं पण दंड ताजे. आणि हो, पळताना मी कायम मध्यम जोरातच असतो, वेग कमी केला तर पळतोय असं वाटतच नाही, ते बदलतो. दोन नंबरची चाकं ऑर्डर केली. स्केटसाठी पोल किती उंच घ्यायचे, माझे हनुवटीच्या खाली येतात.

गेटवे_ट्रेलवाला

थोडे आखूड आहेत. स्केटला हनुवटी ते ओठांच्या मधे कुठेतरी यायला हवेत, डांबरावर टोक रुतत नाही त्यामुळे बर्फापेक्षा किंचित आखूड चालतं, पण तुमचे जरा जास्तच कमी दिसतायत. घाईने विकत घेऊ नका, माझ्याकडे जुनी जोडी आहे, टोकं बसवलेली. रविवारी सकाळी सातला ट्रेलवर येतो, तेव्हा सायकली कमी असतात. मुलीलाही आणा.